पडून असलेल्या अँड्रॉइड टीव्ही बॉक्सवर लिनक्स डेस्कटॉप, तेही आतलं अँड्रॉइड न उडवता

अँड्रॉइड बॉक्सचं शेवटी एकच होतं. दोन-तीन वर्षं टीव्हीच्या मागे घासून झाली की ॲप अपडेट व्हायची थांबतात, होम स्क्रीन अडकायला लागते, मग कोणीतरी नवीन स्टिक आणतं आणि हा बिचारा ड्रॉवरमध्ये केबलींच्या गुंत्यात जाऊन पडतो. माझ्याकडे असे तीन होते. त्यातल्या एकाला जुना मॉनिटर, कीबोर्ड, माउस लावून आता त्यावर लिनक्स चालतंय आणि हा लेखही मी त्याच्यावरच टाइप करतोय, त्यामुळे होतं का असा प्रश्न असेल तर होतं.

पण आधी एक गोष्ट डोक्यात फिट करून घ्या. या कामात लोक फसतात ते इन्स्टॉल करताना नाही, डब्यावर छापलेल्या नावावर विश्वास ठेवून फसतात. एकाच नावाचा, एकाच रंगाचा बॉक्स, आणि आत दोन वेगवेगळे बोर्ड, वेगळी वायफाय चिप, कधीकधी प्रोसेसरसुद्धा वेगळा, असं सर्रास असतं. म्हणून कोणीतरी "माझ्या अमुक बॉक्सवर चाललं" म्हणालं तर त्याचा तुम्हाला फार उपयोग नाही. आत काय आहे ते बघायचं आणि सगळं आधी एसडी कार्डवरून चालवून बघायचं, आतल्या मेमरीला हात लावायचा नाही. एवढं पाळलंत तर बॉक्स मरायची भीती जवळपास उरत नाही, कार्ड काढलं की परत जुनं अँड्रॉइड.

काय अपेक्षा ठेवायची

या बॉक्समध्ये एआरएम प्रोसेसर असतो, मोबाइलसारखा. त्यामुळे लॅपटॉपवर टाकता ती नेहमीची विंडोजची किंवा उबुंटूची आयएसओ फाइल इथे चालणार नाही, पेन ड्राइव्ह लावून एफ-१२ दाबायला इथे बायोसच नाही. एआरएमसाठी बनवलेलं लिनक्स लागतं आणि अशा बॉक्ससाठी सगळ्यात जास्त वापरलं जातं ते आर्मबियन. म्हणजे आतून डेबियन किंवा उबुंटूच, फक्त कर्नल (सिस्टमचा गाभा) आणि बूटची भानगड या छोट्या बोर्डांसाठी बसवलेली. (तुमच्या बॉक्समध्ये इंटेलचा प्रोसेसर निघाला तर अभिनंदन, तो साधा पीसी आहे, हा लेख बंद करा आणि नेहमीसारखं पेन ड्राइव्हवरून टाका.)

२ जीबी रॅममध्ये चार-पाच टॅबचं ब्राउझिंग, लिबरऑफिसमध्ये पत्र-हिशेब, पीडीएफ, थोडं पायथन शिकणं, घरातला फाइल सर्व्हर, एवढं आरामात होतं. १ जीबी असेल तर डेस्कटॉपचा नाद सोडा, बिन-डेस्कटॉपचा छोटा सर्व्हर करा, त्यासाठी तो मस्त आहे. आणि एक गंमत, ज्या कामासाठी हा बॉक्स बनला तेच काम लिनक्समध्ये तो वाईट करतो. अँड्रॉइडमध्ये फोर-के व्हिडिओ लोण्यासारखा चालतो कारण चिपमधलं व्हिडिओ डीकोडिंगचं वेगळं हार्डवेअर वापरलं जातं, लिनक्सच्या ब्राउझरमध्ये ते बहुतेक वेळा वापरलंच जात नाही, सगळा भार सीपीयूवर येतो. ७२० पी ठीक, १०८० पी ला धाप लागते. पैसे भरून बघायच्या स्ट्रीमिंग साइटना तर वाइडवाइन नावाचं कॉपी अडवणारं कुलूप असतं, ते एआरएम लिनक्सच्या ब्राउझरमध्ये सहसा मिळतच नाही, त्यामुळे तिकडे व्हिडिओ सुरूच होत नाही. फक्त सिनेमे बघायचे असतील तर कोअरएलेक किंवा लिबरएलेक टाका, ते त्याच कामासाठी आहेत. डेस्कटॉप हवा असेल तर पुढे वाचा.

जुन्या स्वस्त बॉक्समधलं अँड्रॉइड न वापरायला अजून एक कारण आहे. २०२३ मध्ये काही स्वस्त बॉक्समध्ये फॅक्टरीतूनच मालवेअर येत असल्याचं उघड झालं आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स २.० नावाच्या अशाच जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला, त्यात स्ट्रीमिंग बॉक्सचं नाव घेऊन. म्हणजे ड्रॉवरमधला बॉक्स अँड्रॉइडसकट घरच्या नेटवर्कला जोडून ठेवणं ही फार शहाणपणाची गोष्ट नाही.

आत काय आहे ते शोधणं

या पायरीवर अर्धा तास घालवा, पुढचे दोन दिवस वाचतील.

बॉक्स अजून अँड्रॉइडमध्ये चालू होत असेल तर सीपीयू-झेड किंवा आयडा-६४ हे ॲप टाकून प्रोसेसरचं नाव बघा. पण स्वस्त बॉक्समधलं अँड्रॉइड खोटं बोलतं. माझ्या एका बॉक्सवर ४ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज छापलेलं, अँड्रॉइडच्या सेटिंगमध्येही तेच, आणि लिनक्स टाकून बघितलं तर रॅम २ जीबीसुद्धा पूर्ण नाही. विकणाऱ्याने सॉफ्टवेअरमध्येच आकडा बदलून ठेवलेला. म्हणून खात्री करायची तर उघडा. खालचे रबरी पाय काढले की त्याखाली स्क्रू सापडतात, काही डब्यांना स्क्रूच नसतात, जुनं एटीएम कार्ड फटीत घालून हळूच फिरवलं की लॉक सुटतात. वायफायची अँटेना झाकणाला चिकटवलेली असते, ती वायर केसासारखी बारीक, झटक्यात उघडाल तर तुटणार.

मधल्या मोठ्या चिपवर हीटसिंक चिकटवलेला असतो. तो ओढून काढू नका, हेअर ड्रायरने थोडा गरम करून बाजूला फिरवायचा म्हणजे सुटतो. खाली नाव वाचायला मिळेल, अ‍ॅमलॉजिक आणि पुढे एस९०५, एस९०५एक्स, एस९०५डब्ल्यू, एस९१२, एस९०५एक्स२, एस९०५एक्स३ असं काहीतरी. हे शेवटचं अक्षर आणि आकडा फार महत्त्वाचा, एस९०५ आणि एस९०५एक्स ही पुढच्या सगळ्या कामासाठी दोन वेगळी घराणी आहेत. शेजारच्या रॅमच्या चिप मोजा. त्यांच्यावरच्या नंबरवरून क्षमता शोधली तर ती गिगाबिटमध्ये मिळते, गिगाबाइटमध्ये नाही, ८ ने भागायचं. ४ गिगाबिटच्या चार चिप म्हणजे २ जीबी, बास.

रॉकचिप किंवा ऑलविनर निघाला तर घाबरू नका, काही मॉडेलसाठी आर्मबियन आहे, पण बूट करायची पद्धत वेगळी. मी इथे अ‍ॅमलॉजिकचंच सांगतोय कारण माझे तिन्ही तेच आहेत. केबल किंवा इंटरनेट कंपनीने दिलेला सेट-टॉप बॉक्स मात्र सोडून द्या, त्यांचं बूट बहुतेक कुलूपबंद असतं आणि बऱ्याचदा तो डबा तुमच्या मालकीचाही नसतो.

अजून एक नोंद करून ठेवा, लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचा आहे की गिगाबिट. का, ते पुढे कळेल.

सामान

चांगलं एसडी कार्ड, १६ जीबी पुरे, शक्यतो ए-१ छापलेलं. कार्डात कंजूसी केली की सिस्टम आठवड्याभरात विचित्र वागायला लागते आणि तुम्ही दोष लिनक्सला देता. यूएसबी कीबोर्ड-माउस वायरवाले, निदान सुरुवातीला. लॅनची केबल, कारण वायफाय चालेलच असं नाही. एक टूथपिक. आणि धड अ‍ॅडॅप्टर, बॉक्सवर ५ व्होल्ट २ अ‍ॅम्पिअर लिहिलंय तर तेवढा तरी द्याच. माझा एक बॉक्स यूएसबी हार्ड डिस्क लावली की रीस्टार्ट व्हायचा, मी तीन दिवस कर्नल बदलत बसलो, शेवटी दुसरा अ‍ॅडॅप्टर लावला आणि विषय संपला.

कार्ड तयार करणं

आर्मबियनच्या डाउनलोडमध्ये एएमएल-एस९एक्सएक्स-बॉक्स नावाची इमेज शोधा, एकच इमेज या सगळ्या अ‍ॅमलॉजिक चिपना चालते, फरक नंतर आपण हाताने करतो. एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवाली मिळाली तर ती घ्या, नाहीतर बिन-डेस्कटॉपची घेऊन नंतर डेस्कटॉप चढवता येतो. नोम, केडीई हे जड डेस्कटॉप, त्यांच्या वाटेला इथे जाऊ नका.

इमेज बॅलेना एचर या प्रोग्रामने कार्डवर लिहा, एक्सझेड फाइल सोडवायचीही गरज नाही, तो स्वतः सोडवतो. लिहून झाल्यावरची पडताळणी मधेच बंद करू नका, खोटं कार्ड तिथेच पकडलं जातं. झालं की कार्ड काढून परत लावा. विंडोज लगेच विचारेल की हा ड्राइव्ह वापरायच्या आधी फॉरमॅट करायचा का. नाही! तो लिनक्सचा भाग असतो, विंडोजला वाचता येत नाही म्हणून तो फॉरमॅट करायला बघतो. कॅन्सल करा आणि दुसरा छोटा ड्राइव्ह दिसतो, बूटचा, तो उघडा.

आता दोन बदल करायचे आणि खरं इन्स्टॉलेशन म्हणजे हेच दोन बदल. फाइलींची आणि कमांडची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना रोमन लिपीत, लहान अक्षरांत.

पहिला बदल डीटीबीचा. डीटीबी म्हणजे बोर्डाचा नकाशा समजा. पीसीमध्ये कर्नल स्वतः विचारून घेतो की कुठे काय जोडलंय, इथे विचारायला कोणी नाही, म्हणून लॅन या पिनवर, एसडी कार्ड त्या पिनवर, एलईडी तिकडे, असं सगळं एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं आणि बूट होताना ती फाइल कर्नलच्या हातात द्यायची. चुकीचा नकाशा दिला की कर्नल भलत्याच दारावर टकटक करत बसतो. डीटीबीच्या फोल्डरात अ‍ॅमलॉजिक नावाच्या आत अशा खूप फाइली दिसतील. त्यांच्या नावातच घराणं असतं. जीएक्सबीबी म्हणजे एस९०५, जीएक्सएल म्हणजे एस९०५एक्स, डब्ल्यू, डी, जीएक्सएम म्हणजे एस९१२, जी१२ए म्हणजे एस९०५एक्स२, एसएम१ म्हणजे एस९०५एक्स३. आपल्या बॉक्सच्या नावाची फाइल सापडली तर उत्तम, नाही सापडली तर चिपच्या रेफरन्स बोर्डाची घ्यायची. एस९०५एक्सला पी२१२, एस९०५डब्ल्यूला पी२८१. आणि इथे ती लॅनची नोंद कामाला येते, एस९१२ ला गिगाबिट पोर्ट असेल तर क्यू२००, १०० चा असेल तर क्यू२०१. तसंच जुन्या एस९०५ ला गिगाबिटसाठी पी२००, साध्यासाठी पी२०१. इथे गल्लत केली की बाकी सगळं चालतं आणि फक्त लॅन मुकं राहतं, आणि माणूस केबल बदलत बसतो.

एक्स्टलिनक्स नावाच्या फोल्डरात एक्स्टलिनक्स डॉट कॉन्फ ही फाइल नोटपॅड-प्लस-प्लसमध्ये उघडा. त्यात एफडीटी ने सुरू होणारी ओळ असते, तिच्यात आपल्या डीटीबीचा पूर्ण रस्ता टाका, स्लॅशसकट, जसा फोल्डरात आहे तसा. ओळीच्या पुढे हॅश असेल तर तो काढायचा, हॅश असला की ती ओळ नुसती शेरा म्हणून राहते. पहिल्यांदा करताना मी डीटीबी एकदम बरोबर लिहिला आणि हॅश तसाच ठेवला, संध्याकाळ गेली.

दुसरा बदल यू-बूटचा, म्हणजे पॉवर दिल्यावर कर्नल सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा. त्याच बूट ड्राइव्हमध्ये यू-बूट-एस९०५, यू-बूट-एस९०५एक्स-एस९१२, यू-बूट-एस९०५एक्स२-एस९२२ अशा नावांच्या फाइली असतात. नावावरून आपली कुठली ते कळतं, एस९०५डब्ल्यूवाल्यांनी दुसरी घ्यायची. तिची कॉपी करून कॉपीला यू-बूट डॉट ईएक्सटी असं नाव द्या. मूळ फाइलचं नाव बदलू नका, कॉपीच करा, म्हणजे चुकलं तर परत यायला मूळ शाबूत. विंडोज एक्स्टेन्शन लपवतं, त्यामुळे शेवटी डॉट टीएक्सटी चिकटलेलं नाही ना ते बघून घ्या.

कार्ड नीट इजेक्ट करा.

टूथपिकची कमाल

बॉक्सची पॉवर काढा. कार्ड आत, एचडीएमआय, कीबोर्ड, लॅन जोडलेलं. आता एव्हीचं गोल भोक, ३.५ एमएमचं, त्यात टॉर्च मारून बघा, बऱ्याच बॉक्सना त्याच्या तळाशी एक छोटं बटण लपवलेलं असतं. टूथपिक आत घालून हलकेच दाबली की टिक् असं अगदी बारीक जाणवतं. ते टिक् आधी दोन-चार वेळा सराव करून बोटाला ओळखीचं करून घ्या, कारण नुसतं प्लास्टिक दाबलं जातंय आणि आपल्याला वाटतंय बटण दाबलं, हे फार होतं. काही बॉक्सना हे बटण खालच्या बाजूला भोकात असतं, काहींना नसतंच.

बटण दाबून धरायचं, धरलेलं असतानाच पॉवर द्यायची (दोन हात पुरत नाहीत, घरातल्या कोणाला तरी स्विच दाबायला बोलवा), लोगो आला की पाच-सात सेकंदांनी सोडायचं. लोगो एकदा जाऊन परत आला तर चांगलं लक्षण. मग स्क्रीन काळी होते, आणि थोड्या वेळाने पांढरी अक्षरं धावायला लागतात. तो क्षण पहिल्यांदा बघताना जाम भारी वाटतं.

हे बटणाचं काम एकदाच. त्या वेळी कार्डवरची एक छोटी स्क्रिप्ट चालते आणि बॉक्सच्या बूटच्या सेटिंगमध्ये लिहून ठेवते की इथून पुढे आधी कार्ड बघ, कार्ड नसेल तर अँड्रॉइड. आतल्या मेमरीत होणारा बदल तो एवढाच. बटणच नसेल तर अँड्रॉइडमधल्या अपडेटच्या ॲपमधून लोकल अपडेट करून, किंवा एडीबीने (कॉम्प्युटरवरून अँड्रॉइडला कमांड देणारं टूल) रीबूट अपडेट ही कमांड देऊन तेच साधता येतं.

नाही झालं तर काय होतंय ते नीट बघा, बॉक्स स्वतःच सांगत असतो. सरळ अँड्रॉइड सुरू झालं, म्हणजे बटण लागलंच नाही किंवा कार्ड वाचलं गेलं नाही, डीटीबीला दोष देऊ नका, परत टूथपिक. लोगोवरच गोठला, म्हणजे यू-बूटची फाइल चुकीची किंवा तिचं नाव चुकलंय, नाहीतर एफडीटीच्या ओळीतला रस्ता कुठेतरी गंडलाय. लोगो गेला आणि काळी स्क्रीन कायमची, तर बहुतेक डीटीबी, त्याच घराण्यातली दुसरी लावून बघा, पण पाच मिनिटं तरी थांबल्याशिवाय निष्कर्ष काढू नका, पहिलं बूट हळू असतं कारण ते कार्डवरची पूर्ण जागा ताब्यात घेत असतं. कधीकधी दोष टीव्हीचाच असतो, दुसरा मॉनिटर लावला की चित्र येतं.

ज्यांना सोल्डरिंग येतं त्यांच्यासाठी, बोर्डावर जीएनडी, टीएक्स, आरएक्स अशी तीन-चार भोकं ओळीत दिसतात. ३.३ व्होल्टचा यूएसबी-सीरियल अ‍ॅडॅप्टर लावा, वेग १,१५,२००, आणि बॉक्स काय बडबडतोय ते लॅपटॉपवर अक्षरशः वाचता येतं. चौथी व्हीसीसीची पिन जोडायची नाही.

पहिलं लॉगिन

युजर रूट, पासवर्ड १२३४ मागेल, मग लगेच नवीन पासवर्ड ठरवायला लावतो, शेल विचारतो, नवीन युजर बनवतो, टाइम झोन आणि भाषा विचारतो. डेस्कटॉपची इमेज असेल तर यानंतर एक्सएफसीई आपोआप उघडतं. नसेल तर आर्मबियन-कॉन्फिग ही कमांड, आत सॉफ्टवेअरच्या भागात डेस्कटॉप.

सगळ्यात आधी फ्री मायनस-एच टाका आणि रॅमचं सत्य बघून घ्या. मग एल-एस-बी-एल-के, त्यात डिस्क दिसतात. मग सुडो एपीटी अपडेट आणि सुडो एपीटी अपग्रेड, चहा पिऊन या. एक सावधगिरी, कर्नल अपडेट झाल्यावर रीबूट करण्याआधी एक्स्टलिनक्सच्या फाइलमधली आपली एफडीटीची ओळ जागेवर आहे ना ते बघा. सिस्टम नीट चालतेय आणि बॉक्स असाच कोपऱ्यात चालू ठेवायचाय तर आर्मबियन-कॉन्फिगमधून कर्नलचं अपडेट गोठवून ठेवता येतं, मी तेच करतो.

घड्याळ. या बॉक्समध्ये पीसीसारखी घड्याळाची बॅटरी नसते, पॉवर गेली की वेळ विसरतो आणि नेटवरून परत विचारून घेतो. नेट जोडायच्या आधी ब्राउझर उघडला आणि प्रत्येक साइट सर्टिफिकेट चुकीचं म्हणायला लागली तर हॅक वगैरे काही झालेलं नाही, तारीख मागे आहे.

वायफाय हा खरा त्रासाचा भाग. लॅन जवळपास नेहमी चालतं, वायफाय चिपच्या नशिबावर. ब्रॉडकॉमच्या घरातल्या चिप, बोर्डावर एपी६२१२ किंवा एपी६२५५ लिहिलेल्या, सहसा चालतात. एसएसव्ही६०५१ सारखी स्वस्त चिप निघाली तर तिच्या मागे लागू नका, मी लागलो होतो, दोन रविवार गेले. लिनक्समध्ये चालणारं छोटं यूएसबी वायफाय लावा आणि मोकळे व्हा.

आवाज येत नसेल तर आधी पल्सऑडिओच्या व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये आउटपुट एचडीएमआय आहे का बघा. तरी शांतता असेल तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडा, जुन्या एस९०५ घराण्यात तिथे एआययू नावाने सुरू होणारे कंट्रोल असतात, त्यातला एचडीएमआयचा सोर्स आय-टू-एस वर करावा लागतो. विचित्र आहे, पण तेवढ्याने आवाज येतो.

ग्राफिक्सचं जुन्या लोकांनी ऐकलेलं असतं की माली चिपला लिनक्समध्ये ड्रायव्हर नाही. ते जुनं झालं. जुलै २०१९ मध्ये आलेल्या लिनक्स ५.२ पासून लिमा आणि पॅनफ्रॉस्ट हे दोन ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत. एस९०५एक्सच्या माली-४५० ला लिमा, एस९१२ च्या टी८२० ला आणि एस९०५एक्स३ च्या जी३१ ला पॅनफ्रॉस्ट. खिडक्या सरकवताना फरक कळतो. तरी एक्सएफसीईमध्ये विंडो मॅनेजर ट्वीक्समधून कंपोझिटर (खिडक्यांच्या सावल्या-पारदर्शकपणा करणारा भाग) बंद करून बघा, माझ्या एस९०५डब्ल्यूवर त्याने बराच हलकेपणा आला.

रॅमसाठी वेगळं काही करायची गरज नाही, आर्मबियन झेडरॅम आधीच चालू ठेवतं, म्हणजे रॅममधलाच थोडा भाग दाबून-दुमडून स्वॅपसारखा वापरतं. ब्राउझरला जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन मात्र टाकाच, या प्रोसेसरवर त्याचा परिणाम नवीन रॅम टाकल्यासारखा दिसतो. व्हिडिओसाइटला एच-२६४ हा सीपीयूला हलका पडणारा व्हिडिओ प्रकारच द्यायला लावणारं एक्स्टेन्शन मिळतं, तेही टाका. देवनागरी चौकोन-चौकोन दिसली तर फॉन्ट्स-नोटो-कोअर हे पॅकेज.

गरमी बघायची तर आर्मबियनमॉनिटर मायनस-एम, तापमान आणि सीपीयूचा वेग शेजारी-शेजारी दिसतो. तापमान चढलं की वेग पडताना समोर दिसेल. या डब्यांची हवा खेळायची सोय म्हणजे आनंदच असतो. मी खालचं झाकण काढून बॉक्स उभा ठेवलाय, दिसायला भंगार, पण दुपारीही अडकत नाही. आणि बंद करताना मेनूतून शटडाउन, प्लग उपटायचा नाही, एसडी कार्डाचा घात बहुतेक वेळा तिथेच होतो.

आतल्या मेमरीत टाकायचं का?

माझं मत, दोन-तीन आठवडे कार्डवरच चालवा आणि मग ठरवा. बऱ्याच जणांना गरज पडतच नाही. आतली मेमरी कार्डापेक्षा वेगवान असते हे खरं, पण एकदा अँड्रॉइड पुसलं की परत आणायला त्याच बोर्डाची फर्मवेअर फाइल, अ‍ॅमलॉजिकचं यूएसबी बर्निंग टूल आणि दोन्ही टोकांना नर असलेली यूएसबी केबल लागते, आणि निनावी बॉक्सची नेमकी फर्मवेअर शोधणं म्हणजे गवतात सुई.

तरी करायचंच तर आधी बॅकअप. एल-एस-बी-एल-के मध्ये जी डिस्क बूट० आणि बूट१ अशी दोन पिल्लं घेऊन दिसते ती आतली ईएमएमसी, एसडी कार्डाला ही पिल्लं नसतात. ओळखायची ही खूण पक्की, नुसत्या नंबरवर जाऊ नका, एमएमसीबीएलके१ का २ ते बॉक्सगणिक बदलतं. अशी डिस्क दिसतच नसेल तर तुमच्या बॉक्समध्ये ईएमएमसीऐवजी जुनी नँड मेमरी असू शकते, तिला हा कर्नल ओळखत नाही, कार्डवरच राहा. दिसत असेल तर डीडी कमांडने ती सगळीच्या सगळी एका यूएसबी डिस्कवर फाइल म्हणून उतरवा. डीडीमध्ये आयएफ म्हणजे कुठून आणि ओएफ म्हणजे कुठे, एंटर दाबायच्या आधी ती ओळ मोठ्याने वाचा, हे दोन उलटे झाले तर ते विचारत नाही, पुसून मोकळं होतं.

मग रूटच्या होम फोल्डरात इन्स्टॉल-एएमएल नावाची स्क्रिप्ट असते, ती चालवा. ती स्वतःच पार्टिशन करते आणि कार्डवरची चालू सिस्टम, तुमच्या डीटीबीसकट, आत कॉपी करते, म्हणून आधी कार्डवर सगळं नीट बसवून घ्यायचं. संपली की शटडाउन, कार्ड बाहेर, पॉवर.

ते कार्ड मात्र लगेच फॉरमॅट करून दुसरीकडे वापरू नका. आतली सिस्टम कधी बिघडली तर त्याच कार्डवरून बूट करून तो बॅकअप परत लिहायचा असतो. माझी तिन्ही कार्डं छोट्या पाकिटात घालून त्या-त्या बॉक्सच्या पोटाला चिकटपट्टीने लावलेली आहेत, वर पेनाने चिपचं नाव आणि चाललेल्या डीटीबीचं नाव.